०४/०५/२०२३ म्हणजे चार मे की पाच एप्रिल? डॉक्युमेंटेशनमधल्या तारखांबद्दल

२०२३ मधली गोष्ट आहे, आमच्या टीमकडे पुण्यातल्या एका क्लायंटचं काम होतं, पाण्याचे पंप विकणाऱ्या डीलर लोकांसाठी छोटं अ‍ॅप करायचं होतं. गिऱ्हाईकाने पंप घेतला की डीलरने सीरियल नंबर स्कॅन करायचा, खरेदीची तारीख टाकायची आणि ते सगळं अमेरिकेतल्या कंपनीच्या वॉरंटीच्या सिस्टिमला एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायच्या ठरलेल्या मार्गाने पाठवायचं, बास एवढंच. त्यांचं डॉक्युमेंटेशन दिसायला छान होतं, प्रत्येक फील्डचं नाव, टाइप, कंपल्सरी आहे की नाही, सगळं टेबलमध्ये. आणि खरेदीच्या तारखेसमोर लिहिलेलं होतं, स्ट्रिंग (म्हणजे नुसता मजकूर), उदाहरणार्थ ०४/०५/२०२३.

आम्ही वाचलं चार मे. वाचलं म्हणजे काय, विचारसुद्धा केला नाही, शाळेच्या पहिल्या दिवसापासून वहीच्या कोपऱ्यात तारीख आपण तशीच लिहीत आलोय. टेस्टिंग करताना डॉक्समधलंच उदाहरण कॉपी करून पाठवलं, सर्व्हर म्हणाला ओके. २ जूनला शुक्रवारी डिप्लॉय केलं, म्हणजे प्रत्यक्ष वापरात आणलं, आणि सगळं मस्त चाललं, एकही एरर नाही, अकरा दिवस. १३ जूनला मंगळवारी सकाळपासून डीलरचे फोन सुरू झाले की एकही पंप रजिस्टर होत नाहीये. सर्व्हर सांगत होता की तारीख चुकीची आहे. बरोबरच होतं त्याचं, आम्ही १३/०६/२०२३ पाठवत होतो आणि तो तेराव्या महिन्याची सहा तारीख शोधत होता.

पण खरा त्रास १३ तारखेचा नव्हताच, खरा त्रास त्याच्या आधीच्या अकरा दिवसांचा होता. २ जूनला घेतलेल्या पंपाची वॉरंटी ६ फेब्रुवारीपासून सुरू झाली होती, म्हणजे गिऱ्हाईकाचे जवळजवळ चार महिने गेले. ७ जूनचा पंप ६ जुलैला गेला, १२ जूनचा थेट ६ डिसेंबरला. मधली फक्त ६ जून तेवढी बरोबर, कारण ०६/०६ कसंही वाचा, तेच. बाकी दहा दिवसांचं एकेक रेकॉर्ड डीलरच्या पावतीशी ताडून हाताने दुरुस्त करावं लागलं. पंप घेणारे बहुतेक शेतकरी, मोटर जळाली की ती वॉरंटी त्यांच्यासाठी कागदावरची गोष्ट नसते, ऐन हंगामातलं पाणी असतं ते. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही, आणि म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

आता यात नेमकं काय होतं ते नीट बघू.

भारतात, ब्रिटनमध्ये, युरोपात बऱ्याच ठिकाणी आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस, मग वर्ष, कारण ते बोलतातही तसंच, मार्च फोर्थ. आपण चार मार्च म्हणतो म्हणून आपण चार आधी लिहितो. जपान, चीन, कोरिया आणि युरोपातला हंगेरी, यांच्याकडे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कॅनडात तर तिन्ही पद्धती व्यवहारात दिसतात. यात कोण बरोबर कोण चूक हा प्रश्नच नाहीये, ज्याला जी सवय त्याला ती वाचायला सरळ. अडचण तेव्हा येते जेव्हा लिहिणारा एका सवयीचा, वाचणारा दुसऱ्या सवयीचा, आणि कागदावर फक्त आकडे असतात.

किती तारखा अशा दोन्हीकडून वाचता येतात? हिशोब सोपा आहे. दिवस १ ते १२ मधला असेल तरच तो महिना म्हणून खपतो. बारा महिने गुणिले बारा दिवस, १४४. त्यातल्या १/१, २/२, ३/३ अशा बारा तारखा उलट्या केल्या तरी त्याच राहतात, त्या वजा केल्या की उरतात १३२. वर्षातले १३२ दिवस, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त वर्ष असं आहे की तारीख उलटी वाचली गेली तरी ती वैध तारीखच असते आणि कुणालाच काही कळत नाही. हा बग दर महिन्याच्या १ तारखेला लपतो आणि १३ तारखेला बाहेर येतो, पुन्हा पुढच्या १ तारखेला लपतो, असं चालू राहतं. वर्षही दोनच आकड्यांत लिहिलं असेल तर आणखी वाईट, ०१/०२/०३ ही तारीख भारतात १ फेब्रुवारी २००३, अमेरिकेत २ जानेवारी २००३ आणि वर्ष आधी लिहिणाऱ्यांकडे ३ फेब्रुवारी २००१.

पत्रात किंवा लग्नपत्रिकेत अशी तारीख आली तर फारसं बिघडत नाही. आजूबाजूला वार असतो, तिथी असते, आणि नाहीच कळलं तर माणूस फोन करून विचारतो. डॉक्युमेंटेशनचं तसं नाही. ते कोण वाचणार, कुठे बसून वाचणार, कधी वाचणार हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं. आणि मुख्य म्हणजे ते नुसतं वाचलं जात नाही, त्यातलं उदाहरण उचलून कोडमध्ये चिकटवलं जातं. आपण सगळे असंच करतो, आधी उदाहरण बघतो, चालवून बघतो आणि अडलं तरच वरचा मजकूर वाचतो. म्हणजे उदाहरणातली तारीख संदिग्ध असेल तर वरचं वर्णन कितीही चांगलं असो, उपयोग नाही. आणि कोडमध्ये गेल्यावर पुढे मशीन असतं, ते विचारत नाही, ते अंदाज करतं.

हा अंदाज कोण कसा करतं ते बघितलं तर पोटात गोळा येतो, एकेक सांगतो.

पीएचपीमध्ये तारखेची स्ट्रिंग समजून घेणारं जे फंक्शन आहे, स्ट्रटूटाइम, ते मधलं चिन्ह बघून ठरवतं. ०३/०४/२०२४ असं स्लॅश देऊन लिहिलं तर अमेरिकन पद्धत धरतं, ४ मार्च. तेच ०३-०४-२०२४ असं डॅश देऊन लिहिलं तर युरोपियन पद्धत, ३ एप्रिल. आकडे तेच, क्रम तोच, मधली रेघ तिरकी की आडवी एवढ्यावर महिना बदलला. हे त्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही, पण तुमच्या एपीआयचं डॉक्युमेंटेशन वाचणारा माणूस पीएचपीचं मॅन्युअल उघडून बसलेला नसतो ना.

पायथॉनमध्ये डेटयुटिल नावाची लायब्ररी आहे, तिचा पार्सर (मजकुरातून तारीख ओळखणारा भाग) डीफॉल्टने महिना आधी धरतो, पण पहिला आकडा १२ पेक्षा मोठा असला की गुपचूप बाजू बदलतो. म्हणजे ०३/०४/२०२४ चं झालं ४ मार्च आणि १३/०४/२०२४ चं झालं १३ एप्रिल, एकाच फाइलमध्ये, एकाच कॉलममध्ये! पांडाज या पायथॉनच्या डेटा हाताळायच्या लायब्ररीतही पूर्वी असंच व्हायचं, प्रत्येक ओळीचा वेगळा अंदाज. २०२३ मध्ये पांडाज २.० आलं तेव्हा त्यांनी हे बदललं, आता पहिली तारीख बघून एक फॉरमॅट ठरवतं आणि पुढची एखादी त्यात बसली नाही तर एरर देतं. मला हा बदल फार आवडला, कारण एरर आली तर दुरुस्त करता येते, चुकीचं पण वैध उत्तर आलं तर ते शोधायचं तरी कसं.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमधली गोष्ट तर अनेक वर्षं काम केलेल्यांनाही माहीत नसते. तिथे जुन्या डेटटाइम टाइपच्या कॉलमला २०२४-०३-०४ असं वर्ष आधी लिहून दिलं तरी ते काय वाचलं जाईल हे त्या कनेक्शनच्या भाषेच्या सेटिंगवर अवलंबून असतं. भाषा अमेरिकन इंग्लिश असेल तर ४ मार्च, ब्रिटिश इंग्लिश केली की ३ एप्रिल, वर्ष-दिवस-महिना असं धरून! नव्या डेट आणि डेटटाइम२ टाइपमध्ये हा घोळ नाही, आणि जुन्या टाइपमध्ये २०२४०३०४ असं मधे काहीही न घालता सलग लिहिलं तर भाषा कुठलीही असो, बरोबरच वाचलं जातं. त्यामुळे तुमचे वाचक एसक्यूएल सर्व्हर वापरणारे असतील तर ही ओळ डॉक्समध्ये वेगळी लिहायला हवी.

आणि एक्सेल. अमेरिकेतून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती) आली, महिना आधी असलेली, आणि भारतीय सेटिंगच्या कॉम्प्युटरवर डबलक्लिक करून उघडली, तर काय दिसतं? ०३/०४ चं ३ एप्रिल झालेलं असतं, खरी तारीख म्हणून, सेलच्या उजव्या बाजूला. आणि ०३/१४ ला चौदावा महिना सापडत नाही म्हणून ते नुसतं टेक्स्ट म्हणून डाव्या बाजूला पडून राहतं. एका कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे काही डावीकडे दिसल्या की समजायचं, उजवीकडच्याही बहुतेक चुकल्यात, आणि डावीकडच्या तेवढ्या दुरुस्त करून पुढे जायचं नाही. एक्सेलच्या या तारीख ओळखण्याच्या सवयीमुळे माणसाच्या जनुकांची, म्हणजे जीन्सची नावं बदलावी लागलीत, हे खरं आहे. मार्च१, सेप्ट१ अशी नावं असलेल्या जीन्सना एक्सेल तारीख करून टाकायचं, संशोधकांच्या फाइली त्यामुळे बिघडायच्या, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने ती बदलून मार्चएफ१, सेप्टिन१ अशी केली.

मग उपाय काय तर तो जुनाच आहे. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड १९८८ मध्ये आलं, त्यात वर्ष चार आकडी, मग महिना दोन आकडी, मग दिवस दोन आकडी, मधे डॅश. २०२४-११-२३. आपल्याकडच्या भारतीय मानक ब्युरोनेही ते आयएस ७९०० म्हणून स्वीकारलेलं आहे. हे चालतं त्याचं कारण असं की जगात वर्ष-दिवस-महिना असं लिहिणारा समाज जवळजवळ नाहीच, त्यामुळे चार आकडी वर्ष पुढे दिसलं की वाचणारा माणूस कुठलाही असो, पुढचा आकडा महिनाच धरतो. वर सांगितलेला एसक्यूएल सर्व्हर हा अपवाद मशीनचा आहे, माणसांचा नाही. आणि दुसरा फायदा म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे गेल्यामुळे अशा तारखा नुसत्या अक्षरांप्रमाणे लावल्या तरी कालक्रमाने लागतात, फाइलच्या नावात पुढे तारीख टाकून बघा, फोल्डर आपोआप नीट लागतो.

पण डॉक्समध्ये नुसतं आयएसओ ८६०१ असं लिहून मोकळं होऊ नका, ही चूक चांगली चांगली माणसं करतात. हे स्टँडर्ड खूप मोठं आहे. त्यात २०२४-३२८ हीसुद्धा वैध तारीख आहे, वर्षातला तीनशे अठ्ठाविसावा दिवस, म्हणजे तीच २३ नोव्हेंबर. आठवड्याच्या नंबरने लिहायची पद्धत आहे, सलग आठ आकडे लिहायची आहे, तारखांमधलं अंतर लिहायची आहे. तुमचा सर्व्हर हे सगळं घेतो का? नाही घेत, तो त्यातलं एकच रूप घेतो. मग ते रूप सांगा. इंटरनेटसाठी याच स्टँडर्डचा छाटून केलेला नियम आहे, आरएफसी ३३३९, जुलै २००२ चा, त्यात बरंच कमी स्वातंत्र्य आहे आणि वेळ लिहिली की टाइमझोनचा फरक लिहिणं सक्तीचं आहे. एपीआयच्या डॉक्समध्ये आरएफसी ३३३९ म्हणणं जास्त नेमकं, आणि त्याच्या शेजारी एक उदाहरण.

आता उदाहरण कसं निवडायचं, या सगळ्या लेखात मला हेच सर्वात जास्त सांगायचं आहे. त्या अमेरिकन कंपनीने ०४/०५/२०२३ च्या जागी ०४/२५/२०२३ एवढं लिहिलं असतं ना, तर फॉरमॅट तोच ठेवूनही आमचं काम वाचलं असतं, कारण पंचविसावा महिना नसतो हे कुणालाही कळतं, एका क्षणात क्रम समजला असता. म्हणून उदाहरणातला दिवस नेहमी १३ किंवा त्यापुढचा घ्यायचा. अगदी आयएसओ पद्धतीने लिहितानाही घ्यायचा, कारण वाचणाऱ्याने आयएसओचं नावही ऐकलेलं नसेल. १/१ घेऊ नका, ११/११ घेऊ नका, त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. वेळ घ्यायची तर दुपारनंतरची घ्या, १७:४५, म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, ०५:४५ लिहिलं तर सकाळ की संध्याकाळ हा प्रश्न उरतोच. टाइमझोनही शून्य नसलेला घ्या. सगळं मिळून २०२४-११-२३, मग टी हे अक्षर, मग १७:४५:००, मग +०५:३०. या एका ओळीत क्रम, घड्याळ, झोन सगळं दिसतं, आणि वाचणाऱ्याला वरचा परिच्छेद वाचायची गरजही पडत नाही.

एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांच्या) स्पेसिफिकेशनमध्ये तारखेचं एक उदाहरण वर्षानुवर्षं तेच चालत आलंय, रविवार, ०६ नोव्हेंबर १९९४, ०८:४९:३७ जीएमटी, वार आणि महिना इंग्रजी अक्षरांत. आकड्यांत लिहिलं असतं तर ०६ आणि ११, दोन्ही बारापर्यंतचे, पक्का घोटाळा. पण महिना अक्षरांत आहे म्हणून दिवस सहाच आहे यात कुणाला शंका येत नाही. मजकुरात, म्हणजे वाक्यात तारीख लिहायची असेल तर हाच मार्ग सर्वात चांगला. ही सोय ४ मार्च २०२५ पासून बंद होईल असं लिहा, महिना शब्दांत, मग कुठलंही स्टँडर्ड माहीत असायची गरज नाही. मायक्रोसॉफ्ट आणि गूगल दोघांच्याही लेखनाच्या मार्गदर्शिका हेच सांगतात, वाक्यात महिना आकड्याने लिहू नका.

फॉरमॅट सांगताना जी अक्षरं वापरतात त्यांचं पण थोडं बोलायला हवं, कारण डॉक्समध्ये क्रम बरोबर लिहूनही इथे घसरतात लोक. जावामध्ये कॅपिटल एम म्हणजे महिना आणि स्मॉल एम म्हणजे मिनिट. सी आणि पायथॉनमधल्या एसटीआरएफटाइम या तारीख छापायच्या फंक्शनमध्ये मात्र टक्क्याच्या चिन्हापुढे स्मॉल एम म्हणजे महिना आणि कॅपिटल एम म्हणजे मिनिट, बरोब्बर उलटं. म्हणून डॉक्समध्ये नुसतं अक्षरांचं कोडं देऊ नका, ते कुठल्या भाषेचं आहे ते सांगा. त्याहून वाईट म्हणजे वायचा प्रकार. जावामध्ये स्मॉल वाय म्हणजे साधं वर्ष आणि कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांवर आधारलेलं वर्ष. वर्षभर दोन्ही सारखीच उत्तरं देतात, फक्त डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीच्या सुरुवातीला काही दिवस फरक पडतो, कारण वर्षाचा पहिला आठवडा मागच्या वर्षातच सुरू झालेला असू शकतो. २९ डिसेंबर २०१४ ला ट्विटरच्या अँड्रॉइड अ‍ॅपमधून लोक आपोआप लॉगआउट व्हायला लागले होते, सर्व्हर तारीख सांगत होता २९ डिसेंबर २०१५. एका अक्षराच्या निवडीने एक वर्ष पुढे. अशा कोडचा नमुना डॉक्समध्ये असला की तो किती ठिकाणी कॉपी होत जाईल याचा विचार करा.

गो भाषेने अक्षरंच काढून टाकलीत. तिथे फॉरमॅट सांगायचा म्हणजे एक ठरलेली तारीख तुम्हाला हव्या त्या रूपात लिहायची, ती तारीख म्हणजे २ जानेवारी २००६, दुपारी ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद. अमेरिकन क्रमाने मोजलं तर महिना १, दिवस २, तास ३, मिनिट ४, सेकंद ५, वर्ष ६. कल्पना सुंदर आहे, पण ०१/०२/२००६ बघून आपल्याकडच्या माणसाला पटकन १ फेब्रुवारी वाटू शकतं, तेव्हा गोच्या डॉक्समध्ये हे एक वाक्य लिहून टाका.

आणि जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून. आकडे वेगवेगळे देऊन तारीख बनवली तर २०२४, २, ४ म्हणजे ४ मार्च, फेब्रुवारी नाही. हे १९९५ मध्ये जावाच्या त्या वेळच्या डेट क्लासवरून जसंच्या तसं आलंय आणि आता बदलता येत नाही. दिवस मात्र एकपासूनच.

टाइमझोनवर वेगळा लेख होईल, पण एक गोष्ट इथेच सांगायला हवी कारण ती तारखेलाच धक्का लावते आणि भारतात बसून दिसत नाही. जावास्क्रिप्टला नुसती तारीख दिली, २०२४-११-२३, वेळ न देता, तर तो ती यूटीसीची (जगाच्या प्रमाण वेळेची) मध्यरात्र धरतो. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याला २३ नोव्हेंबरची पहाटेची साडेपाच दिसते, तारीख बरोबर, सगळे खूश. तेच पान न्यूयॉर्कमधला माणूस उघडतो तेव्हा त्याच्याकडे २२ तारखेची संध्याकाळ असते, वाढदिवस एक दिवस आधी. उलटा प्रकार आपल्याकडे रोज घडतो, कॅलेंडरमधून २३ तारीख निवडली, ती आपल्या मध्यरात्रीची वेळ धरली गेली, पाठवताना यूटीसी झाली आणि डेटाबेसमध्ये दिसतं २०२४-११-२२, १८:३०. डेटाबेसमध्ये १८:३० दिसलं की भारतातल्या कुठल्याही डेव्हलपरला कळतं काय झालंय ते, इतकं ते ओळखीचं आहे. म्हणून डॉक्समध्ये स्पष्ट लिहा, हे फील्ड म्हणजे नुसती कॅलेंडरची तारीख आहे, याला वेळ नाही, झोन नाही, जन्मतारीख, खरेदीची तारीख अशी, किंवा मग हा एक नेमका क्षण आहे आणि त्याला झोन लागतो. हे दोन वेगळे प्रकार आहेत. आणि झोन लिहिताना आयएसटी अशी तीन अक्षरं लिहू नका, आयर्लंड आणि इस्रायलचे लोकही त्याच तीन अक्षरांत आपली वेळ लिहितात. +०५:३० लिहा.

सेकंदांचा आकडा देणारे एपीआयही असतात, १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते. तिथे क्रमाचा गोंधळ नाही पण सेकंद की मिलिसेकंद हे लिहायचं राहतं. १७००००००००, म्हणजे एकशे सत्तर कोटी, हे सेकंद असतील तर यूटीसीप्रमाणे १४ नोव्हेंबर २०२३, आणि मिलिसेकंद समजले गेले तर २० जानेवारी १९७०. स्क्रीनवर जानेवारी १९७० दिसला की जवळपास नेहमी हेच कारण.

आपल्याकडचा एक खास घोळ आहे जो परदेशी मार्गदर्शिकांमध्ये सापडणार नाही. २०११-१२ म्हणजे काय? आपल्याला वाटतं एप्रिल २०११ ते मार्च २०१२ चं आर्थिक वर्ष, शाळेचं वर्षही आपण असंच लिहितो. पण आयएसओच्या नियमाने ते डिसेंबर २०११ आहे, वर्ष आणि महिना. सरकारी आकडेवारी, टॅक्स, शाळांची अ‍ॅप्स, यांच्या डॉक्समध्ये हे कायम येतं, आणि २०१२-१३ पासून पुढे तेरावा महिना नसल्यामुळे वाचतो आपण, पण २००९-१०, २०१०-११ हे सगळे सापळे आहेत. एक्सेलमध्ये २०१०-११ टाइप करून बघा. डॉक्समध्ये २०१०-२०११ असं दोन्ही वर्षं पूर्ण लिहा किंवा सुरुवातीची आणि शेवटची तारीख वेगवेगळी फील्ड म्हणून घ्या.

दुसरा आपला मुद्दा आकड्यांचा. मराठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) लावून ब्राउझरला तारीख छापायला सांगितली की तो देवनागरी आकडे देतो, जे छापायला हवेतच, मराठी माणसाला मराठी आकडे दिसावेत याच्या मी पूर्ण बाजूने आहे. पण ती छापलेली स्ट्रिंग उचलून परत सर्व्हरला पाठवायची नाही. मजकुराची संख्या करणारं पायथॉनचं इंट देवनागरी आकडे घेतं, जावास्क्रिप्टचं नंबर घेत नाही, म्हणजे एका बाजूला चालेल दुसऱ्या बाजूला पडेल. एचटीएमएलमधला तारीख निवडायचा डबा यात चांगलं उदाहरण आहे, बघणाऱ्याला तो त्याच्या ब्राउझरच्या पद्धतीने तारीख दाखवतो, भारतात दिवस आधी, अमेरिकेत महिना आधी, पण फॉर्ममधून जाणारी किंमत मात्र कायम वर्ष-महिना-दिवस. तुमच्या डॉक्समध्येही या दोन गोष्टी वेगळ्या लिहा, स्क्रीनवर काय दिसेल ते एक, तारेवरून काय जाईल ते दुसरं. स्क्रीनशॉटमधली तारीख बघून लोक पेलोड (सर्व्हरला पाठवायचा डेटा) बनवतात, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि सर्व्हर चुकीच्या फॉरमॅटला काय करतो तेही डॉक्समध्ये असायला हवं. अंदाज करून घेतो की सरळ नाकारतो? माझं मत विचाराल तर नाकारावं, ४०० ची (विनंतीच चुकीची आहे असं सांगणारी) एरर द्यावी आणि एररमध्ये अपेक्षित फॉरमॅटचं उदाहरण छापावं. त्या वेळी आम्हाला पहिल्याच दिवशी अशी एरर आली असती तर एकाही पावतीला हात लावावा लागला नसता. वर्ष-महिना-दिवस घेणारा सर्व्हर स्लॅशची तारीख आली की लगेच नाकारू शकतो, महिना-दिवस-वर्ष घेणाऱ्याला ते जमतच नाही, त्याच्याकडे १२ तारखेपर्यंत उलटी तारीखही वैध दिसणार, त्याला कळायला काही मार्गच नाही.

त्या कंपनीला आम्ही मेल केली, कुणाला दोष न देता, काय झालं, कुठल्या तारखांचे रेकॉर्ड चुकले आणि डॉक्समधल्या कुठल्या ओळीमुळे, एवढंच. एपीआय बदलता येणार नाही म्हणाले, कारण बाकी बरेच जण तो वापरतायत, ते समजण्यासारखं आहे. पण ओळ बदलली त्यांनी चार दिवसांत, महिना आधी असं शब्दांत लिहिलं आणि उदाहरणातली तारीख २५ केली. नंतर आम्ही आमचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन उघडलं आणि दोन आकडे, स्लॅश, दोन आकडे असा शोध घेतला, तर आमच्याकडेही ०५/०६ निघालं, ०१/०२ निघालं, एका ठिकाणी तर चेंजलॉगच्या (बदलांच्या यादीच्या) प्रत्येक नोंदीवर ही अशीच तारीख, आणि जुन्या नोंदी कुठल्या क्रमाने लिहिल्यात हे आता आम्हालाच सांगता येत नव्हतं, गिटमधल्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या) कमिटच्या तारखा बघून एकेक लावावी लागली. दोन दिवस लागले. तुमच्याकडे हा शोध घेऊन बघा, स्लॅशवाला आणि डॅशवाला दोन्ही, आणि उदाहरणांच्या फाइली, पोस्टमनची (एपीआय तपासायच्या टूलची) कलेक्शन्स, रीडमी हे पण त्यात घ्या, कारण लोक कॉपी तिथूनच करतात.